गच्चीवरचा सेक्स्टंट : सोलापुरात राहून भर समुद्रातले स्थान काढायला शिकणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सोलापुरात नोकरी करता, गेली तीन वर्षे सुट्टी काढून मुंबईला पालनौकेवर जाता आणि दुपारच्या सूर्यावरून अक्षांश काढायला, म्हणजे नून साइट घ्यायला शिकला आहात. दोन वर्षांनी मुंबईहून लक्षद्वीपमार्गे मालदीवला जाणाऱ्या एका नौकेवर तुम्हाला जागा मिळणार आहे. जीपीएस बंद ठेवून स्थान काढता आले पाहिजे, अशी तिथल्या कप्तानाची अट आहे. तारे, चंद्र, लूनार डिस्टन्स (चंद्राच्या सूर्य-ताऱ्यांपासूनच्या अंतरावरून वेळ काढणे) हे सगळे आता शिकायचे, पण समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पावणेतीनशे किलोमीटरवर. मग मुंबईला राहायला जावे का?

जाऊ नका. मी एकतीस वर्षे मर्चंट नेव्हीत काढली आणि निवृत्तीनंतर आता जुळे सोलापुरात राहतो. या विद्येचा अवघड अर्धा भाग गच्चीवर समुद्रापेक्षा चांगला शिकता येतो, असे माझे ठाम मत आहे. समुद्रावर तुम्ही साइट घेता, म्हणजे सूर्य-ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजता, तेव्हा तुमचे खरे स्थान तुम्हाला माहीत नसते. उत्तर तीन मैलांनी चुकले तर ते सेक्स्टंटमुळे (हा कोन मोजण्याचे आरशांचे उपकरण), घड्याळामुळे, क्षितिजामुळे, नौकेच्या हेलकाव्यामुळे की बेरजेतल्या चुकीमुळे, हे कळायला मार्ग नसतो. गच्चीवर तुमचे अक्षांश-रेखांश पक्के माहीत असतात. इंटरसेप्ट, म्हणजे मोजलेली उंची आणि त्या स्थानासाठी गणिताने काढलेली उंची यांतला फरक, जो येईल तोच तुमच्या त्या दिवसाच्या चुकीचा आकडा. शाळेत गणिताच्या पुस्तकामागे उत्तरे असत, तशी ही सोय आहे. ती सोडून थेट खोल समुद्रात शिकायला गेलेले लोक वर्षानुवर्षे एकच चूक पक्की करत राहतात, हे मी पाहिले आहे.

अडचण एकच, क्षितिज नाही. त्यावर उपाय जुना आहे आणि साधा आहे. पसरट काळ्या ट्रेमध्ये बोटभर वापरलेले इंजिन ऑइल ओता. गॅरेजवाला ते फुकट देतो. द्रवाचा पृष्ठभाग पूर्ण आडवा असतो, म्हणून तेलात दिसणारा सूर्य खऱ्या सूर्याच्या उंचीइतकाच क्षितिजाखाली दिसतो. सेक्स्टंटने खरा सूर्य खाली आणून तेलातल्या सूर्याला टेकवला की मोजलेला कोन उंचीच्या दुप्पट भरतो. पूर्वीचे भूमापक यासाठी पारा वापरत. तुम्ही पाऱ्याच्या वाटेला जाऊ नका, तो विषारी असतो. तेल नसेल तर काकवीही चालते. ती घट्ट असल्यामुळे वाऱ्याने लवकर थरथरत नाही, आणि आपल्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात तिला तोटा नाही. फक्त मुंग्या येतात, म्हणून काम झाले की लगेच झाका. विजापूर रोडसारख्या जड वाहतुकीच्या रस्त्याला लागून घर असेल तर ट्रक गेला की तेलातली प्रतिमा हलेल. सकाळची शांत वेळ धरा, ट्रेखाली जाड चादरीची घडी ठेवा आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा.

डोळ्यांबद्दल एकदाच सांगतो, पण नीट ऐका. सूर्याची साइट घेताना आरशापुढच्या आणि क्षितिजापुढच्या अशा दोन्ही बाजूंच्या गडद काचा लावल्याशिवाय दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. समुद्रावर क्षितिजाकडे हलकी काच पुरते. तेलाच्या ट्रेत मात्र खालीही सूर्यच असतो, आणि नवखे नेमके इथे विसरतात.

आता एक पूर्ण उदाहरण. सोलापूर धरा १७°४०′ उत्तर, ७५°५४′ पूर्व. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी दहा-सव्वादहाला अशी एक वेळ येते की सूर्याचे डेक्लिनेशन (विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर) १५° दक्षिण आणि एलएचए (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण मध्यान्हरेषेपासून पश्चिमेकडे मोजलेला त्याचा कोन) ३३०° असतो, म्हणजे सूर्य मध्यान्हरेषेच्या ३०° पूर्वेला असतो. आधी इंडेक्स एरर, म्हणजे सेक्स्टंटची शून्यावरची चूक, काढा. त्यालाही क्षितिज लागत नाही. सूर्याच्या दोन प्रतिमा एकदा वरून आणि एकदा खालून एकमेकींना टेकवा. समजा ऑन द आर्क (शून्याच्या आत, कमानीवर) ३४.२′ आले आणि ऑफ द आर्क (शून्याच्या बाहेर) ३०.२′. फरकाची निम्मी, म्हणजे २.०′, ही ऑन द आर्क चूक, ती वजा करायची. बेरजेचा चौथा भाग १६.१′ येतो. तो आल्मनॅकमधल्या, म्हणजे नाविकांच्या वार्षिक पंचांगातल्या, त्या दिवसाच्या सूर्याच्या अर्धव्यासाशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर तुमचे वाचन चुकले, पुन्हा करा. समुद्रावर इतकी नेमकी परीक्षा कोणी घेत नाही.

मग साइट. लोअर लिंबसाठी, म्हणजे सूर्याच्या खालच्या कडेची उंची घ्यायला, सेक्स्टंटने आणलेल्या सूर्याची खालची कड तेलातल्या सूर्याच्या वरच्या कडेला टेकवायची, कारण तेलातली प्रतिमा उलटी असते आणि तिची वरची कड म्हणजे खऱ्या सूर्याची खालची कड. सकाळी सूर्य चढत असतो, तेव्हा दोन्ही चकत्या थोड्या एकमेकींवर ठेवून थांबा. त्या आपोआप सुटत जातात. ज्या क्षणी सुटतात त्या क्षणी वेळ घ्या. समजा वाचन ९१°२४.४′ आले. इंडेक्स एरर आधी वजा, ९१°२२.४′. मग निम्मे, ४५°४१.२′. हा क्रम उलटा केलात तर चूक दुप्पट मोजली जाईल. डिप, म्हणजे डोळा पाण्यापेक्षा वर असल्यामुळे क्षितिज खाली दिसते त्याची दुरुस्ती, इथे नाहीच. अपवर्तनाचे (हवेत प्रकाश वाकतो त्याचे) ०.९′ वजा, अर्धव्यास १६.१′ अधिक, पॅरलॅक्स (पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्याने पडणारा फरक) ०.१′ अधिक, म्हणून खरी उंची ४५°५६.५′. आता साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर गणित: अक्षांशाची साइन गुणिले डेक्लिनेशनची साइन, अधिक अक्षांशाची कोसाइन गुणिले डेक्लिनेशनची कोसाइन गुणिले एलएचएची कोसाइन. दक्षिण डेक्लिनेशन वजा धरायचे. उत्तर ०.७१८५, ही उंचीची साइन, म्हणजे उंची ४५°५५.९′. अझिमथ, म्हणजे उत्तरेपासून मोजलेली सूर्याची दिशा, १३६°. इंटरसेप्ट ०.६′, सूर्याकडे. कोनाचे एक मिनिट (१′) म्हणजे एक सागरी मैल, म्हणून तुम्ही अर्ध्या सागरी मैलाहून थोडे जास्त चुकलात. कशामुळे, हे शोधण्याचा अभ्यास इथून सुरू होतो.

अपवर्तनाबाबत सोलापूरची एक खासियत आहे. आल्मनॅकची कोष्टके समुद्रसपाटीच्या दाबाला आणि १० अंश सेल्सिअसला बेतलेली असतात. आपण साडेचारशे मीटर उंचीवर आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीवर. उंची ४५° असेल तर फरक नगण्य, पण १०° उंचीवरच्या ताऱ्याला अर्धे ते पाऊण मिनिट फरक पडतो. दाब-तापमानाचे जादा कोष्टक आल्मनॅकमध्ये असते आणि बहुतेक जण ते उघडतही नाहीत. तुम्ही उघडा.

ट्रेची मर्यादाही माहीत असावी. सेक्स्टंट साधारण १२०° पर्यंत मोजतो, म्हणून ट्रेवर ६०° पेक्षा जास्त उंची घेता येत नाही. आपल्या अक्षांशावर दुपारचा सूर्य ६०° च्या खाली असतो तो फक्त ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तेवढे साडेतीन महिने नून साइट ट्रेवर करा. बाकीच्या काळात सकाळ-संध्याकाळच्या साइट्स घ्या. खरे तर पुढच्या अभ्यासाला त्याच हव्यात, कारण इंटरसेप्टची सवय त्यातून लागते. सोलापूरची स्थानिक सरासरी मध्यान्ह आपल्या घड्याळात १२ वाजून २६ मिनिटांनी होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरा सूर्य सोळा मिनिटे आधी येतो, फेब्रुवारीच्या मध्यात चौदा मिनिटे उशिरा. हे आकडे एकदा स्वतः मोजून पाहा. इक्वेशन ऑफ टाइम, म्हणजे खऱ्या सूर्याच्या आणि घड्याळाच्या वेळेतला हा फरक, पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा तसे जास्त पक्के होते.

एका साइटवर विश्वास ठेवू नका. चार मिनिटांत पाच घ्या आणि आलेखाच्या कागदावर वेळ आडवी, उंची उभी मांडा. सूर्य किती वेगाने चढतो हे गणिताने ठरलेले आहे: मिनिटाला १५′ गुणिले अक्षांशाची कोसाइन गुणिले अझिमथची साइन. वरच्या उदाहरणात ते मिनिटाला ९.९′ येते, आणि ट्रेवरचा कोन दुप्पट असल्याने १९.८′. त्या उताराची रेघ पट्टीने काढा आणि पाच बिंदूंवर सरकवून बसवा. जो बिंदू रेघेपासून दूर पडला तो टाकून द्या. नुसती सरासरी काढली तर वाईट वाचनही तिच्यात मिसळून जाते. उताराची रेघ त्याला वेगळे काढते. नौकेवर मी याच पद्धतीला सर्वात जास्त मानतो. हेलकाव्यात पाचपैकी दोन साइट्स वाईट येणारच, त्या कोणत्या हे ओळखता आले पाहिजे.

वेळेविषयी. ४ सेकंद म्हणजे रेखांशाचे १′. घड्याळ अचूक असण्यापेक्षा नेमाने चालणारे असावे. रोज पाऊण सेकंद पुढे जाणारे घड्याळ उत्तम, फक्त ते रोजच पाऊण सेकंद गेले पाहिजे. रोज ठरल्या वेळी ते प्रमाणवेळेशी ताडून फरक वहीत लिहा. ऑनलाइन रेडिओच्या टोल्यांवर वेळ लावू नका, ते काही सेकंद मागून येतात. मनगटावरचे घड्याळ मनगटावर आणि टेबलावरचे टेबलावरच राहू द्या, तापमान बदलले की रेट, म्हणजे रोज पुढे-मागे जाण्याचे प्रमाण, बदलतो.

तारखेचा एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. मी तेव्हा थर्ड ऑफिसर होतो, मे महिन्यात अरबी समुद्रात, जहाजाची घड्याळे भारतीय वेळेवर. पहाटे सव्वापाचला पाच तारे घेतले. प्रत्येक ताऱ्यावरून नकाशावर एक रेषा मिळते, जिच्यावर आपण कुठेतरी असतो. त्या रेषा इतक्या सुंदर एका बिंदूत मिळाल्या की पेन्सिलीच्या टोकाखाली झाकल्या गेल्या. स्थान मात्र डी.आर.च्या (वेग आणि दिशेवरून अंदाजलेल्या स्थानाच्या) पश्चिमेला जवळपास सत्तावन्न मैल. प्रवाह असेल, तारे इतके छान जुळलेत तर चूक कशी असेल, असे मी मनाला समजावू लागलो होतो. कप्तानांनी कागद पाहिला आणि एवढेच विचारले, "ग्रीनिचला आत्ता तारीख कोणती?" सव्वापाचातून साडेपाच तास वजा केले की पावणेबारा, तेही आदल्या दिवसाचे. मी त्याच दिवसाचे पान उघडले होते. रोज त्याच वेळी एरीजचा (ताऱ्यांची स्थाने जिथून मोजतात त्या बिंदूचा) जीएचए (ग्रीनिचपासून पश्चिमेकडे मोजलेला कोन) ५९′ नी वाढतो, म्हणून सगळे तारे एकसाथ ५९′ नी सरकले आणि फिक्स, म्हणजे रेषा मिळून येणारे स्थान, जसाच्या तसा घट्ट राहिला. रेषा नीट जुळणे म्हणजे स्थान बरोबर असणे नव्हे, हे त्या पहाटे मला समजले. सोलापुरातही मे-जूनमध्ये ताऱ्यांची पहाटेची वेळ साडेपाचच्या आधीच येते. तेव्हा मुद्दाम सराव करा आणि फॉर्मवर पहिली ओळ ग्रीनिच तारखेची ठेवा.

तारे ट्रेवर अवघड जातात, पण अशक्य नाहीत. तेलात फक्त तेजस्वी तारेच दिसतात: व्याध, अगस्त्य, ब्रह्महृदय, राजन्य, स्वाती, अभिजित. गावाकडचे लोक नक्षत्रे ओळखतात त्याचा इथे फायदा होतो. आल्मनॅकमध्ये ५७ निवडक तारे आणि ध्रुव असतो. त्यातले रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा, श्रवण तुम्हाला पंचांगामुळे आधीच माहीत असतील, फक्त त्यांची इंग्रजी नावे शेजारी लिहून ठेवा. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास एक फार सुंदर जोडी मिळते. अगस्त्य दक्षिणेला मध्यान्हरेषेवर साधारण साडेएकोणीस अंशांवर येतो, आणि उत्तरेला ध्रुव सतरा-अठरा अंशांवर असतो. दोघांवरून अक्षांश काढा. तुमच्या सेक्स्टंटमध्ये उरलेली चूक एका अक्षांशाला वर ढकलते, दुसऱ्याला तितकीच खाली. दोघांची सरासरी खऱ्याच्या जवळ बसते आणि फरकाची निम्मी म्हणजे तुमची लपलेली चूक. ध्रुव तेलात फिका दिसतो, डोळे वीस मिनिटे अंधाराला सरावू द्या. शहराच्या दिव्यांमुळे जमत नसेल तर मोटारसायकलवर ट्रे घेऊन होटगीच्या पुढे जा.

ट्रेशिवायचाही एक सराव आहे: दोन ताऱ्यांमधले अंतर थेट मोजणे. आर्द्रा ते राजन्य साधारण १८.६°. अपवर्तनाने ते किंचित कमी होते, तेवढे हिशोबात धरा. वेगवेगळ्या अंतरांच्या दहा-बारा जोड्या मोजल्या की सेक्स्टंटच्या कमानीत कुठे किती चूक आहे, याचा तुमच्या हातचा तक्ता तयार होतो.

आता लूनार डिस्टन्स. तुम्ही हे 'जुने म्हणून शिकावे का' असे विचारले आहे. शिकावे, आणि सोलापुरातच शिकावे, कारण याला क्षितिज लागतच नाही. चंद्र ताऱ्यांमधून आणि सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. म्हणजे चंद्र-सूर्यातले अंतर हेच आकाशातले घड्याळ. ब्रिटिश नॉटिकल आल्मनॅक १७६७ सालापासून निघू लागले ते याच अंतरांच्या कोष्टकांसाठी. क्रोनोमीटर (जहाजावरचे अचूक घड्याळ) स्वस्त झाले तशी ती मागे पडली, आणि १९०६ नंतर छापणे थांबले.

आपल्या लोकांना मात्र ही कल्पना नवी नाही. तिथी म्हणजे दुसरे काय? चंद्र सूर्यापासून १२° पुढे गेला की एक तिथी संपते. सप्तमीच्या अखेरीस ८४°, दशमीच्या अखेरीस १२०°. दाते पंचांग आपल्याच सोलापुरातून निघते. त्यात तिथी संपण्याची वेळ घड्याळाच्या तास-मिनिटांत दिलेली असते. कधी शुद्ध सप्तमी दिवसाउजेडी संपत असेल तर त्या वेळी सेक्स्टंट घेऊन गच्चीवर जा आणि चंद्र-सूर्यातले अंतर मोजा. ८४° च्या आसपास येईल, पण नेमके तितके येणार नाही. एक कारण, तिथी क्रांतिवृत्तावर (सूर्याच्या आकाशातल्या वाटेवर) मोजतात आणि चंद्र त्याच्या पाच अंश वर-खाली असू शकतो. दुसरे मोठे कारण, पंचांगाचे अंतर पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलेले असते आणि तुम्ही पृष्ठभागावर उभे आहात. चंद्राचा पॅरलॅक्स जवळपास एक अंश असतो. हा फरक काढून टाकणे म्हणजेच लूनार 'क्लिअर' करणे.

ते क्लिअर करणे लोकांना उगाच भीतिदायक वाटते. मनात चित्र असे आणा. अपवर्तन आणि पॅरलॅक्स हे दोन्ही वस्तूला फक्त वर किंवा खाली सरकवतात, डावी-उजवीकडे नाही. म्हणून चंद्र आणि सूर्य यांच्या अझिमथमधला फरक दिसणाऱ्या आकाशात आणि खऱ्या आकाशात सारखाच असतो. आधी दिसलेले अंतर आणि दिसलेल्या दोन उंचींवरून तो अझिमथचा फरक काढा. मग तोच फरक आणि खऱ्या उंची घेऊन उलट गणिताने खरे अंतर काढा. साइट रिडक्शनचेच, म्हणजे वर उंची काढायला वापरलेलेच, सूत्र दोनदा, बस. उंची मोजायचीही गरज नाही, कारण गच्चीचे स्थान माहीत आहे, त्या गणिताने काढा. आल्मनॅकमधून लागोपाठच्या दोन पूर्ण तासांचे अंतर काढून मध्ये इंटरपोलेट केले, म्हणजे प्रमाणाने मधली वेळ काढली, की ग्रीनिच वेळ मिळते. ती तुमच्या घड्याळाशी ताडा.

अंतर कोनाच्या एका मिनिटाने (१′) चुकले तर वेळ दोन मिनिटांनी चुकते आणि रेखांश अर्ध्या अंशाने. म्हणून ०.२′ च्या आत यायचा प्रयत्न हवा. पहिले महिनाभर तुम्हाला कोनाच्या तीन-तीन मिनिटांच्या चुका दिसतील, निराश होऊ नका. शुद्ध पंचमी ते दशमी आणि वद्य षष्ठी ते एकादशी हे दिवस सूर्य-चंद्रासाठी ठेवा, मधल्या रात्री चंद्र-तारे. प्रवासात लूनारवर वेळ काढायची पाळी तुमच्यावर बहुधा येणार नाही. पण ज्याचा लूनार ०.३′ वर येतो त्याच्या हाताने घेतलेली सूर्याची साधी साइट कधीच ढिली नसते. त्यासाठी मी शिकणाऱ्यांना इथपर्यंत आणतो.

तलावावर जाऊन क्षितिज घेण्याचा मोह होईल. हिप्परग्याच्या किंवा उजनीच्या पाण्यावर समोरचा काठ खऱ्या क्षितिजाच्या आत येतो. डोळा पाण्यापासून २ मीटरवर असेल तर समुद्रावर डिप २.५′. समोरचा काठ एक सागरी मैलावर असेल तर तिथल्या पाण्याच्या रेषेला तो सुमारे ४.१′ धरावा लागतो. काठाचे अंतर नकाशावर नीट मोजता येत असेल तर हा सरावही उपयोगी आहे, कारण किनाऱ्याजवळ नौकेवरही हीच वेळ येते.

सहा-आठ महिन्यांनी कोकणात जा. रत्नागिरीचा भाट्ये किनारा किंवा वेंगुर्ला, चार दिवस. तिथे क्षितिज फक्त पश्चिमेकडे मिळते, म्हणून सगळे तारे आकाशाच्या एकाच अर्ध्यात येतात. डिप किंवा इंडेक्स एरर चुकला असेल तर सगळ्या रेषा एकाच बाजूला सरकतात आणि फिक्स त्यांच्याबरोबर वाहतो. नौकेवर चारही दिशांना तारे घ्यायचे ते याच कारणासाठी, मग त्याच चुकीने रेषांचा त्रिकोण किंवा चौकोन होतो आणि खरे स्थान त्याच्या मध्यात राहते. किनाऱ्यावर संधिप्रकाशाचा सराव महत्त्वाचा. आपल्या अक्षांशावर क्षितिज आणि तारे दोन्ही एकत्र दिसतात ते वीस-पंचवीस मिनिटे. म्हणून दुपारीच सात ताऱ्यांच्या उंची आणि दिशा काढून ठेवा, सेक्स्टंटवर आधीच उंची लावा आणि त्या दिशेच्या क्षितिजावर दुर्बिणीने शोधा. नुसत्या डोळ्याला दिसायच्या आधी तारा दुर्बिणीत सापडतो. नौकेवर संध्याकाळी पूर्वेपासून सुरुवात करायची, तिकडचे क्षितिज आधी विझते. पहाटेही पूर्वेपासूनच, तिकडचे तारे उजाडताना आधी फिके पडतात.

छोट्या नौकेचे दुखणे वेगळे. डोळा दोन मीटरवर असताना क्षितिज तीन मैलांहूनही जवळ असते आणि दोन मीटरची लाटसुद्धा त्याची जागा घेऊ शकते. नौका लाटेच्या माथ्यावर आली की मगच टेकवा. सेक्स्टंट हळूच झुलवून सूर्याने चाप काढली पाहिजे, तिचा सर्वात खालचा बिंदू क्षितिजाला टेकला पाहिजे. कंबर शिडाच्या दोराला टेकवा, हात मोकळे, गुडघे सैल. गच्चीवर एक मैलाच्या आत येणारा माणूस इथे तीन मैलांवर आला तर ते चांगलेच काम आहे.

मालदीवच्या वाटेवर, मोसमी पावसाआधी निघालात तर, तुम्हाला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर मिळेल. सोलापुरात हे मेच्या १०-११ तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला होते. ते शून्य सावलीचे दिवस. अशा वेळी इंटरसेप्टची सरळ रेषा खोटी ठरते, कारण समान उंचीचे वर्तुळ, म्हणजे जिथून जिथून सूर्य तितक्याच उंचीवर दिसतो त्या ठिकाणांचे वर्तुळ, फार लहान असते. मग वर्तुळच काढा. आल्मनॅकमधून सूर्य ज्या बिंदूवर डोक्यावर आहे तो बिंदू नकाशावर मांडा: अक्षांश म्हणजे डेक्लिनेशन, रेखांश जीएचएवरून. ९०° मधून खरी उंची वजा केली की मिळणारे मिनिटांचे अंतर हीच सागरी मैलांतली त्रिज्या. दुपारच्या आगेमागे पाच-पाच मिनिटांनी तीन वेळा असे करा, कंपासने तीन वर्तुळे काढा. दहा मिनिटांत अक्षांश आणि रेखांश दोन्ही मिळतात. उष्ण कटिबंधात खोल समुद्रात राहिलेल्यांनाच ही संधी मिळते आणि बरेच जण ती 'सूर्य फार वर आहे' म्हणून सोडून देतात.

सामानाबद्दल थोडक्यात. प्लॅस्टिकचा सेक्स्टंट शिकायला चालतो, पण आपल्या उन्हाळ्यात त्याचा इंडेक्स एरर तासाभरात बदलतो, प्रत्येक साइटच्या आधी-नंतर तपासा. शक्य असेल तर धातूचा जुना घ्या. गुजरातेत जुनी जहाजे मोडतात त्या अलंगच्या रस्त्यावर जहाजांतून निघालेले मिळतात, पण पेटीच्या झाकणात तपासणीचा दाखला असेल तरच. पितळेचे शोभेचे सेक्स्टंट घेऊ नका. त्या वर्षाचे आल्मनॅक, एक साइट रिडक्शनचे कोष्टक आणि पेन्सिल एवढे पुरे. आधी कॅल्क्युलेटरवर शिका, मग कोष्टकाने तेच उत्तर काढा. ॲपवर फक्त शेवटी ताळा करा.

हे सगळे जुनाट वाटत असेल तर गोल्डन ग्लोब या एकट्याने शिडाच्या नौकेतून करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीकडे पाहा. तिथे जीपीएस वर्ज्य आहे आणि सेक्स्टंटवरच जग फिरावे लागते. २०१८ च्या शर्यतीत जबर जखमी झालेले भारतीय नाविक अभिलाष टॉमी पुढच्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

आता वही उघडा. प्रत्येक साइटला एक ओळ: ग्रीनिच तारीख, वेळ, वाचन, इंडेक्स एरर, इंटरसेप्ट, आणि आकाश-वारा कसा होता. पहिल्या पन्नास साइट्स झाल्या की सगळे इंटरसेप्ट एका कागदावर मांडा. ते सगळे एकाच बाजूला झुकले असतील तर सेक्स्टंट किंवा घड्याळ पाहायचे, दोन्ही बाजूंना विखुरले असतील तर हात. तो कागद मला पाठवा, कोकणात कधी जायचे ते त्यावरून सांगतो.